जोगलटेंभीचे नाणे आणि राजा नहपान

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी, आजीच्या पेटीत म्हणा, लक्ष्मीपूजनाच्या ताटात म्हणा, एखादा राणीछाप रुपया जपून ठेवलेला असेल. त्यावर व्हिक्टोरिया राणीचा चेहरा आहे. या राणीने हिंदुस्थानात कधी पाऊल टाकले नाही, पण तिचा चेहरा मात्र खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या कनवटीला येऊन बसला. नाण्यावर राज्यकर्त्याचा चेहरा असणे आपल्याला इतके सरावाचे झाले आहे, की हे पूर्वी नव्हते असे कोणी सांगितले तर नवल वाटते. पण खरोखरच ते नव्हते. आपल्याकडची अगदी जुनी चांदीची नाणी पाहिली तर त्यांवर सूर्य, झाड, डोंगर, बैल अशी चिन्हे ठोकलेली दिसतात, राजाचे तोंड दिसत नाही. महाराष्ट्रावर सत्ता गाजवणाऱ्यांपैकी ज्याचा चेहरा आपल्या चांदीच्या नाण्यावर प्रथम ठसठशीतपणे भेटतो, तो राजा म्हणजे क्षहरात कुळातला नहपान. आज त्याची आणि त्याच्या नाण्याची ओळख करून घेऊ.

नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी नावाचे गाव आहे. १९०६ साली या गावी जमिनीत पुरलेला एक मोठा साठा सापडला. त्यात चांदीची नाणी होती, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत, सव्वातेरा हजार! बारीक हिशेब सांगायचा तर सुमारे १३,२५०. त्याआधी नहपानाची नाणी अगदी तुरळक मिळाली होती. येथे एकदम पोतेभर मिळाली. रेव्हरंड स्कॉट नावाच्या गृहस्थांनी ती तपासली आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांविषयी लिहिले. एकेक नाणे वजनाने साधारण दोन ग्रॅमचे. म्हणजे सगळा ऐवज पंचवीस किलो चांदीच्या आसपास गेला. कोणा साध्या कुणब्याची ही पुंजी नव्हे, हे उघड आहे. सावकाराची होती, की कोणा अधिकाऱ्याची, की फौजेच्या पगाराची? पुरणारा माणूस ती पुन्हा उकरायला आला नाही, एवढे मात्र खरे.

आता नाणे हातात घेऊन पाहू. आकाराने ते अंगठ्याच्या नखाहून फारसे मोठे नाही. एका अंगाला राजाचा चेहरा, उजवीकडे पाहणारा. चेहऱ्याभोवती गोलाकार अक्षरे, आणि ती ग्रीक लिपीतली! दुसऱ्या अंगाला एक बाण आणि एक वज्र, आणि त्यांच्याभोवती पुन्हा अक्षरे, पण ही दोन लिप्यांत. एक ब्राह्मी, जिच्यातून पुढे आपली देवनागरी आली. दुसरी खरोष्ठी, जी तिकडे गांधार देशात, वायव्येकडे, उजवीकडून डावीकडे लिहीत असत. मजकूर तिन्हींत एकच, ‘राञो क्षहरातस नहपानस’. म्हणजे राजा क्षहरात नहपान याचे. भाषा प्राकृत. ग्रीक अक्षरांतही ग्रीक भाषा नाही, तेच प्राकृत शब्द ग्रीक अक्षरांत उतरवले आहेत. आज आपण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी निरोप लिहितो ना, तशातलाच प्रकार. ठसे कोरणाऱ्या कारागिरांना ग्रीक अक्षरांची ओळख असावीच असे नाही. कित्येक नाण्यांवर ती अक्षरे नुसत्या रेघोट्या होऊन बसली आहेत.

एवढ्याशा चांदीच्या तुकड्यावर तीन लिप्या कशाला हव्यात, असा प्रश्न वर्गात एखादा चलाख विद्यार्थी विचारील. विचारलाच पाहिजे. ग्रीक लिपी आली ती जुन्या ग्रीक राजांच्या नाण्यांची लोकांना सवय होती म्हणून. खरोष्ठी आली ती राजाचे कूळ वायव्येकडून आलेले म्हणून. आणि ब्राह्मी आली ती ज्यांच्यावर राज्य करायचे त्यांना वाचता यावे म्हणून. त्या राजाचा सगळा प्रवास त्या तीन ओळींत आहे, असे म्हटले तरी चालेल.

क्षत्रप हा शब्द मूळचा इराणी. त्याचा अर्थ प्रांताचा सुभेदार. शकांच्या टोळ्या वायव्येकडून खाली उतरल्या आणि त्यांच्या सरदारांनी ही पदवी धारण केली. त्यांतले क्षहरात घराणे गुजरात-काठेवाडात स्थिरावले. नहपानाच्या आधी भूमक नावाचा क्षत्रप होऊन गेला. त्याच्याही नाण्यांवर बाण आणि वज्र आहे, पण चेहरा नाही. नहपानाने मात्र उत्तर कोकण, नाशिक, जुन्नर, कार्ले-मावळ हा सगळा मुलूख सातवाहनांकडून घेतला आणि आपला चेहरा नाण्यावर उमटवला. कोरीव लेखांत त्याला क्षत्रप आणि पुढे महाक्षत्रप म्हटले आहे. नाण्यावर मात्र तो ‘राजा’ एवढेच म्हणवून घेतो.

चेहऱ्याची एक गंमत आहे. स्कॉटसाहेबांनी नाणी ओळीने मांडून पाहिली तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की हा एक माणूस नव्हेच! कुठे मान आखूड, कुठे लांब. एकाचे नाक सरळ, दुसऱ्याचे पोपटाच्या चोचीसारखे. कुठे तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा. नाव मात्र सगळीकडे नहपानाचेच. त्यांनी तर्क केला, की राजघराण्यातल्या निरनिराळ्या माणसांनी आपापले चेहरे नहपानाच्या नावाखाली उमटवले असावेत. दुसऱ्या काही अभ्यासकांना हे पटले नाही. राज्य लांबले, ठसे अनेक झाले, कारागीर बदलले, आणि ज्याने राजाला कधी पाहिलेच नाही त्याने समोरचे जुने नाणे पाहून नवा ठसा कोरला, असे ते म्हणतात. मला स्वतःला हे दुसरे म्हणणे अधिक सरळ वाटते. गणपतीच्या मूर्ती पेणच्या निराळ्या आणि दुसऱ्या गावच्या निराळ्या दिसतात, म्हणून गणपती दोन होत नाहीत.

मग या राजाचा खरा परिचय कोठे मिळतो? तो नाशिकच्या पांडवलेण्यांत मिळतो. तेथल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याचे लेख आहेत. हा दिनीकाचा पुत्र, आणि नहपानाची मुलगी दक्षमित्रा ही त्याची बायको. दोघेही नावाने इथलीच वाटतात, आणि लेखात उषवदात स्वतःला शक म्हणवतो. त्याच्या दानधर्माची यादी वाचताना दम लागतो. तीन लक्ष गायी, गावे, धर्मशाळा, विहिरी. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारे येथे उतारूंसाठी निवारे. पारदा, दमण, तापी, दाहनुका अशा नद्यांवर फुकट तर. ही दाहनुका म्हणजे आपल्या डहाणूची नदी, बरं का. नदी ओलांडण्यासाठी तरीवाल्याच्या हातावर पैसा ठेवावा लागे त्या काळी गरिबाला याचे मोल केवढे वाटले असेल!

शिक्षक मंडळींना मी एक गणित सुचवतो. ते उषवदाताच्याच लेखातले आहे. त्याने हे लेणे भिक्षूंना दिले आणि त्यांच्या खर्चासाठी ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. त्यांतले २,००० एका श्रेणीकडे दरमहा दर शेकडा एक या व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा दर शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कधी परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात तेथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे. आता करा हिशेब. दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, तेही दोनशे चाळीस! पै इकडची तिकडे नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला नव्वद होतात, ते इतर खर्चाला. आणि हा सारा व्यवहार नगरसभेत वाचून दाखवला, फळीवर नोंदवला, असेही लेख सांगतो. आजच्या सहकारी पतपेढीच्या चिटणिसाने मान डोलवावी असा हा कारभार आहे.

त्याच लेखात आणखी एक आकडा आहे, तो नाण्यांच्या दृष्टीने फार मोलाचा. देवाब्राह्मणांना ७०,००० कार्षापण दिले, म्हणजे २,००० सुवर्ण, आणि एका सुवर्णाचे पस्तीस कार्षापण. सोन्याच्या नाण्याचा आणि चांदीच्या नाण्याचा त्या काळचा भाव दगडावर कोरून ठेवलेला आपल्याला आयता मिळाला आहे.

परंतु इतकी चांदी आली कोठून? दख्खनच्या काळ्या दगडात चांदी नाही. सातवाहनांचे आधीचे चलन पाहा, शिसे, तांबे, मिश्रधातू. चांदी आली ती समुद्रावरून. एका ग्रीक भाषिक नावाड्याने किंवा व्यापाऱ्याने लिहिलेली तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक जुनी मार्गदर्शिका आहे, तिला पेरिप्लस म्हणतात. तीत भडोच बंदराचे वर्णन आहे आणि तेथल्या राजाचे नाव नहपानाशी जुळणारे दिले आहे. भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी आणली तर येथल्या पैशाशी बदलून नफा होतो, असे तो व्यापारी लिहितो. राजासाठी काय न्यावे तेही तो सांगतो. चांदीची मोलाची भांडी, गाणारी मुले, देखण्या मुली, उंची मद्य, तलम कपडे. आणि हेही लिहितो, की कल्याण बंदरात ग्रीक जहाज चुकून शिरले तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. कोकणच्या बंदराचा व्यापार तोडून तो गुजरातच्या बंदराकडे वळवायचा, अशी ही झोंबाझोंबी होती. नहपानाच्या नाण्यांतली चांदी बरीचशी रोमन नाणी वितळवून आलेली असावी, असा विद्वानांचा अंदाज आहे, आणि तो पटण्यासारखा आहे.

अर्थात ज्याच्याकडे बंदर त्याच्याकडे चांदी, आणि ज्याच्याकडे चांदी त्याच्याकडे फौज. सातवाहनांना हे सलत राहिले. जैनांच्या आवश्यक सूत्रावरील जुन्या टीकावाङ्मयात एक गोष्ट येते. भडोचचा राजा नहवाहन खजिन्याने श्रीमंत, पैठणचा राजा सालिवाहन फौजेने श्रीमंत. सालिवाहन दरसाल भडोचला वेढा घाली आणि हात हलवीत परत जाई, कारण शत्रूचे सैनिक मारून येणाऱ्यांना नहवाहन मूठमूठ बक्षीस देई. शेवटी सालिवाहनाने आपल्या प्रधानाशी भांडण झाल्याचे सोंग केले. तो प्रधान भडोचला जाऊन नहवाहनाच्या मर्जीतला झाला, आणि त्याने त्याला दानधर्माची गोडी लावली. देवळे बांधा, तळी खोदा, स्तूप उभारा. खजिना रिता झाला. मग सालिवाहन आला, आणि या वेळी बक्षीस द्यायला पैसा नव्हता. भडोच पडले.

ही गोष्ट आहे, इतिहास नव्हे, हे शिक्षकांनी मुलांना स्पष्ट सांगावे. पण ज्याच्या जावयाच्या दानाची यादी भिंतीवर मावत नाही त्याच राजाविषयी ही गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली, हा योगायोग मला साधा वाटत नाही.

नहपानाला हरवणारा सातवाहन राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेख पांडवलेण्यांतल्याच तिसऱ्या लेण्यात आहे. नातू पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तो कोरला. त्यात ती माउली आपल्या मुलाविषयी अभिमानाने सांगते, की त्याने शक, यवन, पल्हवांचा संहार केला, क्षहरातांचा वंश निःशेष केला आणि सातवाहन कुळाचे यश पुन्हा उभे केले. आपल्या पाठ्यपुस्तकांतले वाक्य येथूनच आले आहे. हे वाक्य मुलांनी पाठ करावे, माझी हरकत नाही. फक्त त्याच्या शेजारी जोगलटेंभीचे नाणे ठेवावे.

कारण त्या सव्वातेरा हजार नाण्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर, म्हणजे दर दहांत सातांवर, गौतमीपुत्राने आपला शिक्का मारलेला आहे. नाणी वितळवली नाहीत, फेकली नाहीत. नहपानाचे नाणे ऐरणीवर ठेवले, नवा ठसा वर धरला आणि घण घातला. एका अंगाला तीन कमानींचा डोंगर, त्याखाली पाण्यासारखी नागमोडी रेघ आणि भोवती सातकर्णीचे नाव. दुसऱ्या अंगाला उज्जयिनीचे म्हणतात ते चिन्ह, अधिकाच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळे. घाव कधी नीट बसला, कधी तिरपा गेला. त्यामुळे कित्येक नाण्यांवर डोंगराआडून नहपानाचे नाक बाहेर डोकावते, कुठे नुसती मान उरली आहे, कुठे ग्रीक अक्षरांचा तुकडा. हरलेला राजा आणि जिंकलेला राजा एकाच चांदीच्या चकतीवर मिळून बाजारात हिंडत होते.

हे का केले असेल? वितळवून नवी नाणी पाडायची तर कोळसा लागतो, वेळ लागतो, चांदीत घट येते. पुन्हा शिक्का मारायला एक घाव पुरतो. हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. लोकांचा त्या नाण्यावर विश्वास बसला होता. वजन ठरलेले, चांदी चोख. आठवडी बाजारात बसलेल्या धान्यवाल्याला राजाच्या कुळाशी काय करायचे आहे? चांदवडच्या टांकसाळीत मराठ्यांच्या अमलात पडणारा रुपयादेखील दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पडे, ते याचसाठी. आणि उरलेली चार हजार नाणी पाहा. त्यांवर शिक्का नाहीच. तरी ती शिक्क्याच्या नाण्यांबरोबर एकाच साठ्यात पुरली गेली. म्हणजे दोन्ही चालत होती. १९५७ साली आपल्याकडे नवे पैसे आले तेव्हा आणे आणि नवे पैसे काही वर्षे एकाच गल्ल्यात पडत होते. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

जिंकलेल्या मुलखाची व्यवस्था कशी लावली जाते, हे पाहायचे असेल तर तिसऱ्या लेण्यातला आणखी एक लेख वाचावा. गौतमीपुत्राच्या राज्याच्या अठराव्या वर्षी विजयी सेनेच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला हुकूम सुटला आहे. आजवर उषवदाताच्या वहिवाटीत असलेले दोनशे निवर्तने शेत या लेण्यातल्या भिक्षूंना द्यावे, असा तो हुकूम. जावयाचे शेत गेले, पण गेले ते पुन्हा भिक्षूंकडेच. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, राजा आणि राजमाता यांच्या नावाने दुसरा हुकूम निघाला. पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, ते गाव वसलेले नाही, तेव्हा त्याऐवजी शहराच्या शिवेवरचे सरकारी जमिनीपैकी शंभर निवर्तने शेत द्यावे. गाव ओस का पडले हे हुकमात लिहिलेले नाही. लढाया झालेल्या मुलखात शेते पडीक राहतात आणि माणसे परागंदा होतात, हे मात्र सांगायला शिलालेख लागत नाही.

हे सगळे घडले केव्हा? येथे विद्वानांत दोन तट आहेत. नहपानाच्या काळच्या लेखांत ४१, ४२, ४५ असे वर्षांचे आकडे येतात, आणि जुन्नरला अयम नावाच्या त्याच्या अमात्याने पाण्याचे टाके आणि मंडप दान दिल्याच्या लेखात ४६. हे आकडे शक संवताचे धरले तर ४६ म्हणजे इसवी सन १२४. पुष्कळ वर्षे हेच मत चालत आले. पण नाण्यांच्या आणि पेरिप्लसच्या अभ्यासावरून दुसरे अभ्यासक म्हणतात, की ही त्याच्या राज्याची वर्षे आहेत, आणि नहपान इसवी सनाच्या पहिल्या शतकातच, ७८ च्या सुमारास, संपला. अलीकडे कल या दुसऱ्या मताकडे आहे. मुलांना शिकवताना दोन्ही सांगावीत. एकच साल ठासून सांगितले की परीक्षेला बरे पडते, इतिहासाला नव्हे.

जाता जाता एक कामाची गोष्ट. नांगरताना, विहीर खणताना, घराचा पाया काढताना आजही अशी नाणी निघतात, आणि आजवर किती साठे सोनाराच्या मुशीत गेले असतील याची गणती नाही. चांदीचा भाव घेऊन माणूस मोकळा होतो, आणि एक राजा कायमचा नाहीसा होतो. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा असे सांगतो, की दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. कळवणाऱ्याचा हक्क बुडतो असे नाही, तोही त्या कायद्यात धरला आहे. जोगलटेंभीचा साठा वितळला असता तर शिक्क्याची नाणी किती आणि बिनशिक्क्याची किती, हे आपण मोजले कशावरून असते?

गौतमीपुत्राच्या मागून आलेल्या सातवाहनांनी, पुळुमावीने आणि पुढे यज्ञ सातकर्णीने, चांदीची नाणी पाडली. त्यांवर डोंगर आहे, उज्जयिनीचे चिन्ह आहे, आणि दुसऱ्या अंगाला राजाचा चेहरा आहे, उजवीकडे पाहणारा, अगदी नहपानाच्या धाटणीचा! आकार तोच, वजनही त्याच मापाचे. ज्या घराण्याने त्या चेहऱ्यावर घण घातला, त्याच घराण्याने ती रीत उचलली. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नाला सोपाऱ्याचा स्तूप खणला, तेव्हा बुद्धाच्या अवशेषांच्या करंडकाबरोबर त्यांना यज्ञ सातकर्णीचे असे एक चांदीचे नाणे मिळाले. वापरात न झिजलेले, जवळजवळ कोरे. नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तेथे किंवा एखाद्या मोठ्या संग्रहालयात अशी नाणी पाहण्याचा योग आला, तर भिंग मागून घ्या, आणि तीन कमानींच्या डोंगराच्या कडेला एखादे नाक दिसते का ते पाहा.